मास्तरांचा उघड्या डोळ्यांचा फोटो

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. आठवीनंतर ते कुठल्या शाळेच्या फाटकापाशी गेले असतील, तर ते फाटक वेल्ड करायलाच. पण लोखंडी कामाच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली, पंचवीसेक माणसं हाताखाली तयार केली, आणि त्यांतल्या एकाच्याही डोळ्यांना कायमची इजा होऊ दिली नाही, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत त्यांना मास्तरच म्हणायची. घरात ‘अहो’, आणि रागावली की ‘ऐकू येतंय ना?’

माणूस दिसायला चांगला होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाक सरळ, केस अजून जागेवर, हसला की गालाला खळी. पण हे सगळं प्रत्यक्षात. फोटोत मास्तर म्हणजे मिटलेले डोळे. लग्नाच्या फोटोत नवरी लाजून खाली बघतेय आणि नवरा शेजारी उभ्या उभ्या झोपलाय. वर्कशॉपला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मालकांच्या हस्ते घड्याळ मिळालं, तर मालक हसतायत, घड्याळ चमकतंय आणि मास्तर डोळे मिटून उभे, जणू घड्याळ नको म्हणून कुणाची तरी करुणा भाकतायत. मेव्हणी तर प्रत्येक वेळी म्हणायची, “आमचे भाऊजी फोटोला येत नाहीत, डुलकीला येतात.” मास्तरही हसायचे. न हसून सांगतात कुणाला?

उघड्या डोळ्यांचा एकच फोटो होता, पासपोर्टवरचा. तिथल्या माणसाने मान वर न करता बटण दाबून टाकलं होतं. त्यात मास्तर खिशात हात घालताना पकडलेल्या चोरासारखे दिसत होते. तो फोटो ते शक्यतो कुणाला दाखवत नसत.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मध्ये लेकीचं बाळंतपण आलं. एकुलती एक लेक, लग्न करून लांबच्या देशात गेलेली. जावयाची नोकरी फिरतीची. पाच आठवड्यांवर तारीख होती आणि आई-बाबा दोघांनी यावं असं तिनं स्वतः सांगितलं होतं. एरवी ती काही मागणाऱ्यातली नव्हती. व्हिसाचा अर्ज दोघांचा मिळून एकच, म्हणजे एकाचं अडलं की दुसऱ्याचंही अडलं. बाकीचे कागद सरसर पार पडले. गाडं अडलं ते मास्तरांच्या फोटोपाशी.

अर्ज कॉम्प्युटरवरून जायचा आणि फोटो तपासायचं काम तिकडचं यंत्रच करायचं. फोटो नवा हवा, चेहरा सहज हवा, डोळे उघडे हवेत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पहिला फोटो काढला आणि “चालतंय हो, कोण बघतंय?” म्हणून पाठवून दिला. यंत्राने बघितलं. लाल अक्षरांत नकार आला. मग त्या झेरॉक्सवाल्याने डोकं चालवलं. पासपोर्टवरच्या फोटोतले डोळे कापून त्याने नव्या फोटोवर बसवले. सहज म्हातारा होत चाललेला एक माणूस आणि त्यात चोराचे डोळे! मास्तरांची बायको तो फोटो बघून दोन पावलं मागे सरकली. यंत्रालाही तो आवडला नाही. दुसरा नकार आला, आणि त्याखाली आणखी एक ओळ आली: तिसऱ्यांदा फोटो चुकला तर अर्ज तीस दिवस बंद, मग पुन्हा पहिल्यापासून.

तीस दिवस आणि मग पहिल्यापासून. म्हणजे नातवंड जन्मून बाळसं धरायला लागलं असतं आणि आजी-आजोबा इथेच रांगेत.

लेकीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, डोळे उघडे ठेवायला असं काय लागतं हो?”

“ठेवतो गं मी. मिटतात.”

“माझ्या प्रत्येक फोटोच्या वेळी तुमचं काही ना काही असतंच. तुम्हाला खरंच यायचंय ना? नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही.”

मास्तर “अगं, यायचंय” म्हणेपर्यंत तिनं फोन आईकडे द्यायला सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी खिडकीच्या एका जाळीचा सांधा वाकडा मारला. एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. ग्राइंडर लावून तो सांधा त्यांनी घासून काढला, पुन्हा मारला, आणि तोही वाकडाच आला.

मग घरात उपाय सुरू झाले. उपाय सांगायला काय, आळीत सगळेच डॉक्टर. शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले. कुणी सांगितलं, थंड पाण्याचे हबके मारा. कुणी म्हणालं, भिंतीवर ठिपका काढा आणि बघत बसा. मास्तर रोज अर्धा तास भिंतीकडे टक लावून बसले. पुढे त्यांना भिंतीचा ओलावा दिसायला लागला, आणि त्याच्या दुरुस्तीचं काम मागे लागलं ते वेगळंच.

बायकोने शेवटी मोबाइलची बॅटरी लावून त्यांच्या तोंडावर एकदम उजेड पाडला. मास्तर ढिम्म. पापणी हलली नाही. पुन्हा पाडला. हलली नाही.

“अहो, तुम्ही तर बरे झालात!” ती आनंदाने म्हणाली आणि लगेच त्याच मोबाइलने फोटो काढायला सरसावली. “हं, बघा इकडे. एक, दोन, तीन!”

डोळे घट्ट मिटलेले. बायकोने कपाळाला हात लावला. मास्तर खाली बसले आणि म्हणाले, “तू एकटीच जा.” ते कसं जमणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, तरी म्हणाले.

बाजाराच्या पलीकडे, शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक जुना स्टुडिओ होता. नर्सबाईंनीच तो सुचवला. स्टुडिओवाल्या बाई साठीच्या पुढच्या. गुडघे गेले होते, म्हणून चाकं लावलेल्या स्टुलावर बसून, जमिनीला पायाने रेटा देत त्या खोलीभर फिरायच्या आणि तशाच बसून फोटो काढायच्या. आवाज असा, की समोरचा माणूस आपोआप ताठ बसावा.

“माझ्याकडून आजवर कुणी रडत गेलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “रडत आलेले पुष्कळ. बसा.”

त्यांनी मास्तरांची कॉलर सरळ केली, कपाळावरचा घाम टिपायला रुमाल दिला, आणि सूचना सुरू केल्या. खांदे सोडा. श्वास बाहेर टाका. हनुवटी पुढे, कासव मान काढतं तशी, लाजू नका, इथून चांगलं दिसतं. जीभ टाळूला लावा म्हणजे गळ्याची कातडी वर जाते. मास्तरांनी सगळं मुकाट केलं. बायको बाकावर बसून तेच स्वतःवर करून बघत होती.

बाईंनी आठ फोटो काढले. आठही वेळा त्यांनी शांतपणे मोजलं आणि आठही वेळा डोळे मिटले. नवव्या वेळी त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसतंच मास्तरांकडे बघत म्हटलं, “एक, दोन...”

आणि थांबल्या.

“डोळे का मिटलेत?”

“फोटो काढलात ना.”

“मी बटणाला हातसुद्धा लावलेला नाही. दिवाही पेटला नाही. तुम्ही दोनला मिटता.”

“दोनला मिटायचेच असतात,” मास्तर म्हणाले. दुकान उघडायच्या आधी कुलूप काढायचं असतं, इतक्या सहज म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

बाईंनी स्टूल एक रेटा देऊन जवळ आणलं. “का बरं मिटायचे असतात?”

मास्तरांनी सांगितलं. मोठा सांधा मारायच्या आधी लोखंडाला छोटे छोटे टाके मारून ते जागेवर धरावं लागतं. टाका मारणारा एक आणि पट्टी धरून उभा राहणारा दुसरा. दुसऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, तोंडावर मुखवटा नसतो. टाका पडतो तेव्हा जो प्रकाश होतो, आर्क म्हणतात त्याला, तो उघड्या डोळ्यांनी बघितला की डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. मास्तर उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा त्यांनी घाईत, न सांगता टाका मारला. समोर पट्टी धरलेला माणूस दोन दिवस डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन घरी पडून होता. त्याची बायको वर्कशॉपच्या दाराशी येऊन मास्तरांनाच विचारून गेली, “दिसेल ना हो त्यांना?” तिसऱ्या दिवशी त्याला दिसायला लागलं, पण मास्तरांना ते दोन दिवस जन्मभर पुरले. त्यानंतर त्यांनी नियम घातला. मोजल्याशिवाय टाका नाही. एकला सावध, दोनला डोळे मिटायचे, तीनला टाका. टाका मारणाऱ्यानेही मिटायचे, कारण मानेच्या झटक्याने पाडलेला मुखवटा कधी अर्ध्यातच अडकतो. दिवसाला शंभर टाके म्हटले तर एकतीस वर्षांत किती वेळा मोजून झालं असेल, ते ज्याचं त्याने बघावं.

“आणि फोटोवाले जगभर तीनपर्यंतच मोजतात,” बाई म्हणाल्या. “पासपोर्टवाल्याने मोजलं होतं का?”

“तो बोललाच नाही.”

“तरीच.”

एवढं सोपं! मास्तरांना हसू फुटलं. पण बाकावरून आवाज आला तो हसरा नव्हता.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “म्हणजे पोरीच्या डोळ्यांवरचा हात...”

मास्तरांचं हसू जागच्या जागी विरलं.

लेक लहान असताना बापलेकीचा जो फोटो निघायचा त्यात एक मोठा काळपट पंजा असायचा, तिच्या डोळ्यांवर. शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं, त्या फोटोत पंजा. तळ्याकाठी होडीत बसली, पंजा. नवा फ्रॉक, नवे बूट, वर पंजा. पोर हात झटकायची, पाय आपटायची. मास्तरांना विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. हात जायचा खरा, का जायचा ते त्यांनाच माहीत नव्हतं. “गंमत केली गं,” असं काहीतरी ते म्हणायचे, आणि ते आगीत तेल. बारा वर्षांची झाल्यावर तिनं बाबांशेजारी उभं राहायचं सोडूनच दिलं. पदवीच्या फोटोत ती या टोकाला, मास्तर त्या टोकाला, मध्ये आई आणि मैत्रिणींची अख्खी फळी.

मास्तरांना तो दिवस चांगला आठवत होता. फोटोवाल्याने रांग लावली तेव्हा लेक त्यांच्या शेजारीच उभी होती. त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली, टोकाला. ते कुणाला बोलले नव्हते, पण त्यांना ते लागलं होतं. फार लागलं होतं.

“तिला वाटायचं मी मुद्दाम करतो,” ते म्हणाले. “आणि मी तरी काय, गंमत केली म्हणून सांगत बसलो. समोर कुणी दोन म्हणालं की शेजारी उभ्या असलेल्या नवख्या पोराचे डोळे हाताने झाकायचे, बस्स. ती तर माझी पोर होती.” मान खाली घालून ते रुमाल शोधायला लागले.

“रडू नका,” स्टुडिओवाल्या बाईंनी दटावलं. “डोळे सुजले तर ते मेलं यंत्र पुन्हा तोंड वाकडं करेल. पाणी प्या. फोटो अजून व्हायचाय.”

आता रोग कळला होता, औषध सोपं असायला हवं होतं. बाईंनी न मोजता फोटो काढला. पण आता मास्तर प्रत्येक क्षणी वाट बघत होते. डोळे उघडे आले, पण केवढे! भुवया पार केसांत. “हा नाही चालायचा,” बाई म्हणाल्या. “यंत्राने घेतला तरी मी देणार नाही. नातवंडाने बघितला तर झोपेत दचकेल.” मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. “तुम्हीच मोजा. स्वतः मोजलं की धाक राहत नाही.” मास्तरांनी मोजलं, आणि दोनला त्यांची हनुवटी झटकन छातीला टेकली. कपाळावरचा मुखवटा खाली पाडायला वेल्डर मान देतो, तशी. मुखवटा नव्हता, पण मानेला कोण सांगणार? फोटोत नुसतं भांग पाडलेलं डोकं आलं. बायकोला इतक्या दुःखातही हसू आवरेना. मग मास्तरही हसले.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. कितीतरी वेळ त्यांनी स्टूल जागच्या जागी इकडून तिकडे फिरवलं.

“मास्तर, तीन झालं. टाका पडला. मग काय करता?”

“मग काय, वरची पपडी हातोडीने उडवायची आणि बघायचं.”

“काय बघायचं?”

“कसा बसलाय ते.”

“बरं. मग आज पट्टी धरायचं काम तुमचं. टाका मी मारते. तुम्ही दोनला खुशाल डोळे मिटा, मान पाडा, काय सवय असेल ते करा. मी झालं म्हटलं की मात्र काम कसं झालंय ते बघायचं. माझं काम. मला मेलीला चाळीस वर्षं झाली या धंद्यात, अजून नीट जमलंय का सांगा.”

मास्तरांनी मान हलवली. हे त्यांना कळण्यासारखं होतं.

“एक,” बाई म्हणाल्या. “दोन.” मास्तरांनी डोळे मिटले. “तीन.” काहीच झालं नाही. “झालं. बघा.”

मास्तरांनी डोळे उघडले आणि मान वर करून समोर बघितलं. हाताखालच्या माणसाचा पहिला सांधा बघताना ते जसं बघायचे तसं. चूक शोधायला नव्हे, बरं काय जमलंय ते हुडकायला. तोंड बंद, पण गालाच्या खळीची जागा जराशी हललेली.

कॅमेऱ्याचा आवाज मास्तरांच्या लक्षातसुद्धा आला नाही. “झालंय का नीट?” बाईंनी विचारलं. ते म्हणाले, “बरं झालंय,” आणि मग बघतात तर बायको उठून कॅमेऱ्यामागे गेली होती आणि तोंडाला पदर लावून उभी होती.

“अहो, इकडे या,” ती म्हणाली. “हे बघा. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, माझा नवरा दिसायला चांगला आहे. कुणी म्हणून विश्वास ठेवला नाही. आता बोलवा माझ्या बहिणीला.”

मास्तरांनी बघितलं. छोट्या पडद्यावर एक साठीकडे झुकलेला, शांत, भला माणूस होता. त्याच्याकडे पोरगी नक्कीच द्यावी, असा. मास्तरांनी खिशातून जवळचा चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा बघितलं.

फोटो तिथूनच पाठवला. बाईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक चाक फिरायला लागलं. फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. बायकोने मास्तरांचा दंड धरला होता. बाईसुद्धा स्टूल हलवायचं विसरल्या. मग पडद्यावर हिरवी खूण आली, आणि खाली ओळ: फोटो स्वीकारला, अर्ज पुढे गेला, आठ दिवसांत निकाल. बाईंनी पैसे एका फोटोचेच घेतले. बाकीचे दहा कशाचे लावायचे, म्हणाल्या, ते तर माझं शिकणं झालं.

घरी येऊन बायकोने पहिलं काम केलं ते लेकीला फोटो पाठवायचं. पाच मिनिटांत तिचा फोन आला. बायकोने फोन मध्ये टेबलावर ठेवला, म्हणजे दोघांना ऐकू येईल.

“आई, हा कुणी काढला? बाबा किती छान दिसतायत गं! डोळे उघडे कसे राहिले?”

बायकोने मास्तरांना बोलूच दिलं नाही. एक, दोन, तीनची सगळी हकिकत तिनंच सांगितली. टाके, पट्टी धरणारा माणूस, ओलं फडकं, दाराशी आलेली त्याची बायको, सगळं. शेवटी म्हणाली, “आणि तुझ्या डोळ्यांवर हात ठेवायचे ना, ते त्यासाठी. तुला आर्क लागू नये म्हणून. त्यांना स्वतःला आज कळलं.”





“काय?” लेक म्हणाली. “बाबा, मला वाटायचं तुम्हाला मी फोटोत नको असते.”

मास्तर खुर्चीतून उठलेच. असलं काही पोरीच्या मनात असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. “वेडी आहेस का तू?” ते फोनवर ओरडले. “अगं, मला सगळ्या जगात तूच हवी असतेस!”

इतकी वर्षं जे बोलायला जमलं नव्हतं ते असं ओरडून, भर दुपारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलून झालं. मास्तर स्वतःच गोंधळले. मग आवाज उतरवून म्हणाले, “गंमत केली असं मी सांगायला नको होतं. माहीत नाही म्हणून सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

लेक रडत होती, आणि रडता रडता हसत होती. “पण बाबा, कॅमेऱ्याने कुणाचे डोळे जातात का हो?”

“ते मला कळतं गं. हाताला कुठं कळतंय?”

“या तुम्ही,” ती म्हणाली. “व्हिसा आला की त्याच दिवशी निघा. पदवीच्या वेळी मी टोकाला गेले होते ना, ते मला आठवतं. आता मी तुमच्या शेजारी उभी राहणार आहे. तुम्ही हात कुठंही ठेवा.”

मास्तरांनी हो म्हटलं. बायकोने फोन उचलून कानाला लावला आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारायला घेतलं. मास्तर माळ्यावरची मोठी बॅग काढायला स्टूल घेऊन आतल्या खोलीत गेले.